सीआर प्लेटमध्ये नेमकं काय साठतं?

तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या एक्स-रे तंत्रज्ञ ताईंनी चार गोष्टी विचारल्या आहेत. सीआरच्या (कम्प्युटेड रेडिओग्राफी, म्हणजे फिल्मऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या प्लेटवर एक्स-रे घेण्याची पद्धत) प्लेटमध्ये चित्र नेमकं कुठे साठतं? कॅसेट, म्हणजे प्लेटची बंद पेटी, वाचायची राहून गेली आणि सकाळी रीडरला, म्हणजे प्लेट वाचणाऱ्या यंत्राला, लावली तर चालतं का? त्यांच्याकडे अधूनमधून आधीच्या रुग्णाची पुसट सावली नव्या चित्रात दिसते, ती कशामुळे? आणि वरिष्ठ सांगतात, ‘एमएएस थोडा जास्तच ठेव, चित्र स्वच्छ येतं’, ते कितपत बरोबर? (एमएएस म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ; त्यावर किती एक्स-रे निघतात ते ठरतं.)

ताई, मी गेली पंचवीस वर्षं रुग्णालयांतल्या एक्स-रे यंत्रांची तपासणी करतो. डार्करूममध्ये हँगरला फिल्म लावून डेव्हलपरमध्ये बुडवण्याच्या काळात शिकलो आणि पुढे सीआर येताना पाहिलं. तुमच्या चौथ्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की बाकीचे तिन्ही आपोआप सुटायला लागतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्लेटमध्ये चित्र नसतं. तिथे अडकून पडलेले इलेक्ट्रॉन असतात.

प्लेटवरचा तो थर म्हणजे बेरियम फ्लोरोब्रोमाइड या क्षाराची बारीक पूड. चिकट द्रव्यात कालवून ती प्लॅस्टिकच्या पत्र्यावर लेपलेली असते, आणि वर खरचटू नये म्हणून एक पारदर्शक पापुद्रा असतो. बऱ्याच प्लेट्समध्ये ब्रोमिनच्या काही जागी आयोडिन घालतात. शिवाय युरोपियम नावाच्या धातूचा अगदी किंचित अंश असतो, आणि सगळी करामत त्या किंचित अंशाची असते. या पदार्थाला फॉस्फर म्हणतात, पण त्यात फॉस्फरस अजिबात नाही. स्वतः प्रकाश देणाऱ्या पदार्थांना पडलेलं ते जुनं नाव आहे. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इटलीतल्या बोलोन्याजवळ विन्चेन्झो काशारोलो नावाच्या एका चर्मकाराला असा दगड सापडला होता, जो भाजून उन्हात ठेवला की अंधारात चमकायचा. तो दगडही बेरियमचाच होता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, म्हणून इथे सांगितलं.

आता स्फटिकाच्या आत चला. बेरियम, फ्लोरिन आणि ब्रोमिनचे आयन थरांवर थर रचल्यासारखे बसलेले असतात. पण कुठलाच स्फटिक निर्दोष नसतो. काही ठिकाणी ब्रोमिन किंवा फ्लोरिनची जागा रिकामी राहते. ऋण भाराचा आयन तिथून गेलेला असल्यामुळे त्या रिकाम्या जागेला इलेक्ट्रॉनची ओढ असते. एक्स-रे किरण आला की बहुधा बेरियमचा किंवा आयोडिनचा अणू तो गिळतो, आणि त्या एका किरणाच्या ऊर्जेतून शेकड्यांनी इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांतले पुष्कळसे लगेच घरी परततात आणि परतताना प्रकाश देतात. तो प्रकाश कॅसेटच्या अंधारातच संपतो. उरलेले त्या रिकाम्या जागांत अडकून बसतात. फुप्फुसामागे किरण जास्त पोचले म्हणून तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त, मणक्यामागे कमी पोचले म्हणून कमी.

कोकणात सड्यावर पाऊस पडून गेला की कातळाच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. जिथे सर मोठी तिथे पाणी जास्त. खळगे काही उथळ, काही खोल. उथळातलं पाणी उन्हानं लवकर आटतं, खोलातलं बरेच दिवस टिकतं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, पुढे लागेल.

हे साचलेलं वाचायचं कसं? रीडरमध्ये लाल लेसरचा बारीक ठिपका प्लेटवरून फिरतो. सुरुवातीच्या यंत्रांत ६३३ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर असायचा, नंतरच्या यंत्रांत बहुतेक त्याहून थोड्या लांब तरंगलांबीचे डायोड लेसर आले. तो लाल प्रकाश अडकलेल्या इलेक्ट्रॉनला खळग्यातून बाहेर ढकलतो. इलेक्ट्रॉन त्याची वाट पाहणाऱ्या जोडीदाराकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यामुळे मागे राहिलेल्या धन भाराच्या जागेकडे, जातो आणि सुटलेली ऊर्जा युरोपियमला मिळते. युरोपियम ती ३९० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. तो प्रकाश गोळा करून फोटोमल्टिप्लायर नळीकडे, म्हणजे मंद प्रकाशाचा मोठा विद्युतसंकेत करणाऱ्या नळीकडे, नेला जातो, आणि वाटेतला निळा फिल्टर लेसरचा लाल प्रकाश अडवतो. लाल प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट (इतक्या सूक्ष्म ऊर्जेचं एकक), बाहेर येणाऱ्या निळ्याची ३.२. म्हणजे जेवढं घातलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं. ही जास्तीची ऊर्जा लेसरची नाही, ती रुग्णाच्या शरीरातून आलेल्या एक्स-रेनं आधीच तिथे ठेवलेली आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना मी या एका हिशोबावर नेहमी थांबतो, कारण ‘साठवणं’ या शब्दाचा अर्थ त्यातून हाताला लागतो.

इलेक्ट्रॉन खळग्यातून निघून युरोपियमपर्यंत कोणत्या वाटेनं जातो, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. १९८४ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं की लेसरनं उचललेला इलेक्ट्रॉन स्फटिकात मोकळा फिरतो आणि फिरत फिरत युरोपियमला भेटतो. पुढे जर्मनीत झालेल्या प्रयोगांतून वेगळं दिसलं. अडकलेला इलेक्ट्रॉन, त्याची उलट भाराची जागा आणि युरोपियम हे तिघं अगदी शेजारीच असतात, आणि बऱ्याचदा इलेक्ट्रॉन मोकळा न फिरता मधल्या भिंतीतून आरपार जातो. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. या प्रकरणात ऑक्सिजनच्या नको असलेल्या अंशाचाही हात असल्याचं दिसून आलं. तुमच्या कामाला हे थेट लागत नाही, पण प्लेटची पूड बनवताना इतकी काळजी का घ्यावी लागते ते यातून कळतं. स्फटिक किती दोषी असावा, हेही ठरवावं लागतं.

अशा साठवणाऱ्या पडद्याचं अमेरिकन पेटंट कोडॅकच्या जॉर्ज लकी यांना १९७५ मध्ये मिळालं. पण रुग्णालयात चालेल असं यंत्र फुजीनं करून दाखवलं. १९८१ मध्ये ते जगासमोर आलं आणि १९८३ मध्ये बाजारात.

वेगाबद्दलही दोन शब्द. युरोपियमचा प्रकाश विझायला साधारण पाऊण मायक्रोसेकंद लागतो. लेसर त्यापेक्षा घाईनं पुढे सरकला तर मागच्या ठिपक्याचा प्रकाश पुढच्यात मिसळेल. ३५ बाय ४३ सेंटिमीटरच्या प्लेटवर एक दशांश मिलिमीटरचे ठिपके घेतले तर ते सुमारे दीड कोटी होतात. प्रत्येकाला ३ मायक्रोसेकंद दिले तरी ४५ सेकंद झाले. रीडरसमोर तुम्ही जी वाट पाहता तिचं बरंचसं कारण हे आहे. नंतरच्या काही यंत्रांत एकेक ठिपका न वाचता अख्खी ओळ एकदम वाचतात, त्यामुळे वेळ काही सेकंदांवर येतो. त्यांतल्या काहींत सीझियम ब्रोमाइडच्या प्लेट असतात, ज्यांचे स्फटिक उभ्या सुयांसारखे वाढवलेले असतात. सुयांमुळे प्रकाश आडवा फारसा पसरत नाही, म्हणून थर जाड ठेवूनही चित्र धारदार राहतं. तुमच्या पुडीच्या प्लेटमध्ये लेसरच आत शिरून पसरतो, आणि चित्राचा धारदारपणा मुख्यतः तिथे जातो. थर जाड केला तर किरण जास्त पकडले जातात पण चित्र मऊ होतं, पातळ केला तर उलट.

आता रात्रभर राहिलेली कॅसेट. उथळ खळग्यातलं पाणी आटतं तसे हलके अडकलेले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनं सुटत राहतात. आठ तासांत साधारण पाव भाग संकेत गेलेला असतो. सुरुवातीला जास्त वेगानं जातो, मग हळूहळू. खोली गरम असेल तर आणखी. म्हणजे सकाळी वाचलेली प्लेट कोरी निघत नाही. निदान करता येईल असं चित्र बहुधा मिळतं, कारण रीडर उरलेला संकेत मोठा करून दाखवतो. म्हणून अशा वेळी रुग्णाला परत बोलावून दुसरा एक्स-रे काढण्याआधी प्लेट वाचून बघा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. चित्रात कण जास्त दिसतील, म्हणजे ते दाणेदार येईल, आणि एक्सपोजरचा आकडा (प्लेटला किती किरण मिळाले ते सांगणारा रीडरचा आकडा) खोटा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवला जाईल. त्या आकड्यावरून एमएएस वाढवू नका. आणि एक्सपोजर दिलेली कॅसेट गाडीत घेऊन फिरायची वेळ आली, शिबिरात येते तशी, तर विदर्भातल्या मे महिन्यात ती डिकीत ठेवू नका.

याची दुसरी बाजूही आहे. पुसलेली कॅसेट नुसती पडून राहिली तरी तिच्यात काही ना काही साचत राहतं. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग थोडा थोडा जमा होतो. २४ तासांहून जास्त न वापरलेली कॅसेट वापरण्याआधी रीडरमध्ये पुसून घ्यायची, असा नियमच ठेवा. सोमवारी सकाळी सगळ्या कॅसेट एकदा पुसणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. एका रुग्णालयात नवजात बाळांची चित्रं सतत धुरकट यायची आणि सगळे ट्यूबला दोष देत होते. मी पाहिलं तर रिकाम्या कॅसेट चेस्ट स्टँडच्या मागच्या कपाटात, एक्स-रे खोलीतच ठेवलेल्या. मी एक पुसलेली कॅसेट घेतली, तिच्यावर रुपयाचं नाणं चिकटवलं आणि दिवसभर त्याच कपाटात ठेवली. संध्याकाळी वाचली तर नाण्याचा गोल स्पष्ट दिसला. कपाट खोलीबाहेर हलवलं आणि धूर गेला. तुमच्या कॅसेट जिथे राहतात तिथे हा प्रयोग एकदा करा.

सावलीकडे येऊ. लेसर एका फेरीत सगळे इलेक्ट्रॉन काढत नाही, बरेच मागे उरतात. म्हणून वाचून झाल्यावर रीडर प्लेटवर प्रखर प्रकाश टाकतो आणि उरलेले हुसकावून लावतो. याच कारणामुळे ती प्लेट हजारो वेळा वापरता येते. या दिव्यांतला एखादा विझला किंवा मंदावला, तर प्लेटचा एक पट्टा अर्धवट पुसलेला राहतो. सावली नेहमी चित्राच्या ठरावीक पट्ट्यात येते का ते बघा. तसं असेल तर दिवा तपासायला सांगा. दुसरं कारण असं की आधीचं एक्सपोजर फार मोठं होतं. उदाहरणार्थ, कमरेच्या लॅटरलला, म्हणजे बाजूनं घेतलेल्या चित्राला, कोलिमेशन न करता (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता न आवळता) शरीराबाहेरचे थेट किरण प्लेटवर पडले, तर तिथे खोल खळगेसुद्धा भरतात. नेहमीचं पुसणं त्यांना पुरत नाही. आज पुसलेली दिसणारी प्लेट दोन-तीन दिवसांनी पुन्हा पुसट सावली दाखवू शकते, कारण खोल अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू वर सरकून वाचता येण्याजोग्या जागी येतात. अशी प्लेट दोनदा, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायची. आणि कृपा करून ती उन्हात धरून पुसू नका. मी असं करताना लोकांना पाहिलंय. उन्हातला अतिनील भाग पुसण्याबरोबर नवे इलेक्ट्रॉन अडकवूनही ठेवतो. रीडरच्या दिव्यांपुढे अतिनील किरण अडवणारा फिल्टर असतो तो याचसाठी.

सावली म्हणजे काय आणि धूळ म्हणजे काय, हेही ओळखता आलं पाहिजे. प्लेटवर केस किंवा धुळीचा कण बसला की तिथला निळा प्रकाश अडतो, तिथे पांढरा ठिपका येतो, आणि तो त्याच कॅसेटच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी येतो. पण सगळ्या कॅसेटच्या चित्रांत, प्लेट सरकण्याच्या दिशेनं सरळ पांढरी रेघ दिसत असेल तर धूळ रीडरच्या आत, प्रकाश गोळा करणाऱ्या पट्टीवर आहे. ते काम इंजिनिअरचं. प्लेट मात्र तुम्ही पुसू शकता. मऊ, धागे न सुटणारं कापड आणि प्लेटच्या कंपनीनं सांगितलेलं द्रव्य, तेवढंच. पाणी नको, हा क्षार आहे आणि ओल त्याला मानवत नाही.

आता एमएएस.

तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. ते बहुधा ४०० स्पीडच्या पडद्यांवर फिल्म काढून शिकलेले असतील (स्पीड जितका जास्त तितके किरण कमी लागतात). सीआर आला तेव्हा अनेकांनी तोच एमएएस ठेवला आणि चित्र कणीदार आलं, कारण पुडीची सीआर प्लेट साधारण २०० स्पीडच्या आसपास काम करते. म्हणजे त्या फिल्मपेक्षा सुमारे दुप्पट एक्सपोजर तिला खरोखरच लागतं. इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. बिघडतं ते ‘थोडा जास्त’ला वरची मर्यादा न राहिल्यामुळे.

फिल्म तुम्हाला लगेच सांगायची. दुप्पट एक्सपोजर दिलं की फिल्म जळायची, काळी यायची, डॉक्टर ओरडायचे. प्लेट तसं सांगत नाही. तिचा प्रतिसाद दहा हजार पटींहून मोठ्या पल्ल्यावर सरळ रेषेत चालतो. चौपट किरण दिले तरी रीडर हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या तीव्रतेचे किती ठिपके आहेत त्याचा आलेख, बघतो, आकडे खाली आणतो आणि तेवढंच छान, किंबहुना अधिक गुळगुळीत चित्र पडद्यावर दाखवतो. कमी किरण दिले तर मात्र कण दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात. म्हणजे तक्रार एकाच बाजूनं येते. तंत्रज्ञ प्रत्येक तक्रारीनंतर एमएएस थोडा वर नेतो, तो कधीच खाली येत नाही, आणि वर्षभरात कुणाच्याही मनात वाईट नसताना प्रत्येक रुग्णाला किरणांची दुप्पट-तिप्पट मात्रा मिळू लागते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की नव्या रुग्णालयात गेल्यावर आधी तेच तपासतो.

चित्रातले कण का कमी होतात तेही बघा. एक्स-रे कणाकणानं येतात, पावसाच्या थेंबांसारखे. थेंब जितके जास्त तितका जमिनीवरचा ओलावा सारखा. कणीदारपणा मात्र मात्रेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. कण अर्धे करायचे तर मात्रा चौपट लागते. छातीच्या साध्या पीए (किरण पाठीकडून येणाऱ्या) चित्रात न्यूमोनिया आहे की नाही हे बघायला तेवढी गुळगुळीत चमक लागत नाही. थोडे कण दिसूनही निदान होत असेल तर ते चित्र चांगलं आहे, हे डॉक्टरांशी बसून, दोन चित्रं शेजारी ठेवून ठरवावं लागतं.

फिल्मच्या काळेपणाची जागा आता एक्सपोजरच्या आकड्यानं घेतली आहे, तो वाचायची सवय लावा. गोंधळ असा की जुन्या यंत्रांत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. फुजीचा एस क्रमांक उलटा चालतो. १ मिलीरोंटजेनला तो २०० येतो आणि मात्रा दुप्पट झाली की १०० होतो. कोडॅकच्या पद्धतीत त्याच मात्रेला साधारण २००० आणि दुप्पट झाली की ३०० नं वाढ. आग्फाच्या एलजीएममध्ये दुपटीला ०.३ ची वाढ. एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेला तंत्रज्ञ एस क्रमांक कमी दिसतोय म्हणून एमएएस वाढवतो, असंही मी पाहिलंय. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवली. तिच्यातला डेव्हिएशन इंडेक्स वाचायला सोपा आहे. शून्य म्हणजे ठरवल्याप्रमाणे, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. तुमच्या यंत्रात ही सोय असेल तर ती चालू करून घ्या.

आकड्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. छातीचं चित्र रीडरवर पोटाचा पर्याय निवडून वाचलं, कोलिमेशनच्या कडा रीडरला सापडल्या नाहीत, किंवा कमरेचं धातूचं रोपण चित्रात आलं, तर आकडा भरकटतो. कोलिमेशनचं तर आणखी एक कारण आहे. आयोडिन आणि बेरियम ३३ आणि ३७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण विशेष जोरानं शोषतात, आणि शरीरातून विखुरलेले, ऊर्जा गमावलेले बरेच किरण याच भागात येतात. त्यामुळे ही प्लेट विखुरलेल्या किरणांना जास्त हळवी आहे. उघडं फील्ड ठेवून नंतर संगणकावर कडा कापल्या तर चित्र नीटनेटकं दिसतं, पण विखुरलेले किरण प्लेटवर पडून गेलेले असतात आणि रुग्णाच्या अंगालाही लागून गेलेले असतात. लहान मुलांच्या बाबतीत मी हे फार कळकळीनं सांगतो.

जाता जाता एक. तुमच्या एप्रनखाली जो टीएलडी बॅज (अंगाला लागलेले किरण मोजणारा बिल्ला) आहे, त्यातही हेच तत्त्व आहे. भारतात त्यात डिस्प्रोशियमचा अंश असलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. तिथेही इलेक्ट्रॉन अडकतात, फक्त त्यांना लेसरऐवजी उष्णतेनं सोडवतात, आणि चित्राऐवजी एकच आकडा मिळतो: तुम्हाला किती मात्रा लागली. रुग्णाच्या अंगावर असा बॅज नसतो. त्याच्या मात्रेची खूण फक्त तुमच्या पडद्यावरचा तो एक्सपोजरचा आकडा.

म्हणून एक वही करा. पंधरा दिवस फक्त छातीच्या पीए चित्रांची नोंद: कॅसेट क्रमांक, केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज), एमएएस, अंतर, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) होती की नव्हती, रुग्ण बारीक-मध्यम-जाड, एक्सपोजरनंतर किती मिनिटांनी वाचली आणि आलेला आकडा. नाव लिहू नका, त्याची गरज नाही. एका रुग्णालयात अशा वहीतून एस क्रमांक सतत ५० ते ६० दिसला, म्हणजे मात्रा हवी त्याच्या तिप्पट-चौपट. आम्ही एकदम खाली आणलं नाही. दर आठवड्याला एमएएस एकेक पायरी उतरवला आणि प्रत्येक पायरीवर रेडिओलॉजिस्टना चित्रं दाखवली. सहाव्या आठवड्यात ते म्हणाले, आता इथे थांबा. तेव्हा आकडा १८० च्या आसपास होता. तुमची वही भरली की ती तुमच्या वरिष्ठांसमोर ठेवा, आणि दोघांनी मिळून पहिली पायरी ठरवा. त्या वेळी आकडे इथे लिहिलेत तर मीही बघीन.